आपले प्रश्न : वनस्पतींच्या गोळ्या, कोलेस्टेरॉल आणि यकृत

रक्तातील चरबीवरचा लेख या मासिकात छापून आल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा सूर सारखाच होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सुरू करताना मन दहादा मागेपुढे होते. वनस्पतींच्या गोळ्या, काढे आणि रस मात्र कोणालाही न विचारता सुरू झालेले असतात आणि दवाखान्यात 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारल्यावर त्यांचा उल्लेखही होत नाही. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ७१. मधुमेह नाही, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ आल्यावर डॉक्टरांनी ते कमी करणारी स्टॅटिन गटातील गोळी, ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रोज रात्री घेण्यास सांगितले. स्टॅटिनने लिव्हर खराब होते असे आमच्या कट्ट्यावर सगळेच म्हणतात. त्यामुळे ती गोळी मी एक दिवसाआड घेतो आणि मुलीने परदेशातून आणलेल्या 'रेड यीस्ट राइस'च्या कॅप्सूल मात्र दोन महिने रोज घेत आहे. एलडीएल ९६ पर्यंत उतरले, पण पोटऱ्या आणि मांड्या फार दुखतात. हे वयामुळे असेल का? – एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वयामुळे असेल असे समजून बसू नका. कॅप्सूल आजच बंद करा, उद्या आपल्या डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्याने सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी) व एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी) या दोन तपासण्या करून घ्या. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला असेल, तर उद्याचीही वाट न पाहता रुग्णालयात जा. स्टॅटिनची गोळी चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची, हे अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील. जाताना कॅप्सूलची बाटली बरोबर न्यायला विसरू नका, कारण तिच्यावरचे बारीक अक्षरांतले लेबल त्यांना वाचावे लागेल.

आता कारण सांगतो. तांदळावर मोनास्कस जातीची बुरशी वाढवली की तांदूळ गडद लाल होतो. हाच रेड यीस्ट राइस, आणि चीनमध्ये तो शतकानुशतके पदार्थांना रंग आणण्यासाठी आणि औषध म्हणून वापरला जात आला आहे. १९७९ साली जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी या जातीच्या बुरशीतून 'मोनाकोलिन के' हे द्रव्य वेगळे केले. हे द्रव्य आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, हे एकच आहेत. त्यांच्यात तसूभरही फरक नाही. म्हणजे आपण एका स्टॅटिनला घाबरून त्याची मात्रा अर्धी केली आणि तिच्या जोडीला दुसरे स्टॅटिन सुरू केले. एलडीएल उतरले त्यात दोघांचा वाटा आहे, आणि स्नायू दुखत आहेत त्यातही दोघांचा असण्याची दाट शक्यता आहे.

डॉक्टरांच्या गोळीवर '१० मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते आणि आत तेवढेच औषध असते. या कॅप्सूलबाबत तसे म्हणता येत नाही. अमेरिकेतील बाजारातून घेतलेले २८ ब्रँड तपासून २०१७ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात दोन ब्रँडमध्ये मोनाकोलिन के सापडलेच नाही आणि उरलेल्यांत त्याचे प्रमाण एकमेकांपेक्षा साठपटींहून अधिक वेगळे होते. एक बाटली संपवून दुसऱ्या कंपनीची उघडली, तर आपण काहीच घेत नाही किंवा भरपूर घेतो, यांपैकी काय घडते आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम करून दिवसाच्या मात्रेत मोनाकोलिन ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावे असे ठरवले आणि वेष्टनावर इशारे छापणे सक्तीचे केले. त्यांतील दोन इशारे आपल्याला अगदी लागू पडतात : ७० वर्षांवरील व्यक्तींनी हे घेऊ नये, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध चालू असताना घेऊ नये. शिवाय बुरशी नीट वाढवली गेली नाही, तर तिच्यात सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक असलेले द्रव्य तयार होऊ शकते. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये अशाच लाल तांदळाच्या गोळ्या मूत्रपिंडाच्या तक्रारींमुळे बाजारातून परत मागवाव्या लागल्या. तेथे दोषी ठरलेले द्रव्य वेगळे होते, पण तेही नको त्या बुरशीमुळेच आले होते.

राहिला कट्ट्यावरचा मुद्दा. स्टॅटिनमुळे एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर जाण्याचे प्रमाण शंभरात सुमारे एक किंवा त्याहूनही कमी आहे, आणि यकृताला गंभीर इजा होणे अतिशय विरळ आहे. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांची यकृताची तपासणी ठरावीक काळाने करत राहण्याची शिफारस मागे घेतली. सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास, एवढी तपासणी पुरेशी मानली जाते. यकृतात चरबी साठली आहे एवढ्याच कारणाने स्टॅटिन टाळण्याचीही गरज नसते. कट्ट्यावरची मंडळी आपल्या काळजीपोटीच बोलत असतात यात शंका नाही, पण त्यांच्यापैकी कोणी त्या बाटलीवरचे लेबल वाचले होते का, हे एकदा विचारून पाहावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गुळवेल चढली आहे. कोरोनाच्या दिवसांपासून सासूबाई रोज सकाळी बोटभर काडी ठेचून, उकळून त्याचा काढा घरातल्या सगळ्यांना देतात. माझे वय ३८. मला हाशिमोटो थायरॉइडचा त्रास आहे. गेल्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी १४२ आले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. मी दारू घेत नाही. काढ्याने असे होईल का? आणि तसे असेल तर घरात कसे सांगू? – एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : होऊ शकते, आणि आपल्या बाबतीत ती शंका आधी घेतली पाहिजे. बहुतेक प्रयोगशाळांत एसजीपीटीची वरची मर्यादा ४० च्या आसपास असते. आपला आकडा तिच्या साडेतीनपट आहे. काढा आजपासून थांबवा आणि दोन ते चार आठवड्यांत एसजीपीटी व बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे रक्तातील द्रव्य) पुन्हा तपासा. दरम्यान हिपॅटायटिसच्या विषाणूंच्या आणि स्वप्रतिरक्षित विकाराच्या (ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते) तपासण्या, म्हणजे एएनए आणि आयजीजी, करून घ्याव्यात. डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर दोन आठवडेही थांबू नका. एसजीपीटीच्या जोडीला बिलिरुबिनही वाढले, तर इजा गंभीर वळण घेत आहे असे आम्ही धरून चालतो.

हा विषय आपल्या दारातलाच आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले, आणि त्यांची माहिती २०२१ मध्ये भारतीय यकृततज्ज्ञांच्या नियतकालिकात छापली गेली. या रुग्णांतील आजाराचे स्वरूप स्वप्रतिरक्षित हिपॅटायटिससारखे होते. म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. पुढे देशातील १३ केंद्रांनी एकत्र येऊन अशा ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात काढा सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा काळ साधारण दीड महिन्याचा होता, आणि आधीपासून यकृताचा किंवा स्वप्रतिरक्षित आजार असलेले रुग्ण त्यात बरेच होते. हाशिमोटो हा स्वप्रतिरक्षितच आजार आहे. म्हणून आपल्या पत्रातील त्या एका शब्दाशी मी थांबलो.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, हेही सांगणे न्यायाचे आहे. गुळवेलीसारखी दिसणारी, तिच्याच कुळातील दुसरी एक वेल आहे. रुग्णांनी चुकून तीच घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी या आक्षेपातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट मोलाची आहे. कुंपणावरची वेल नेमकी कोणती आहे, हे आपल्या घरात कोणी तपासून घेतले आहे का? आणि 'बोटभर' म्हणजे किती, कोणाचे बोट, किती जुनी काडी, हे कोणी मोजले आहे का?

सासूबाईंना सांगताना दोष देण्याची गरज नाही. त्यांना आणि इतरांना तोच काढा सोसला असेल, आणि अशी प्रतिक्रिया प्रत्येकाला होत नाही, हे खरेच आहे. शेंगदाणा घरात सगळ्यांना चालतो आणि एखाद्याला मात्र खाल्ल्याबरोबर घसा सुजतो, तसा हा प्रकार आहे असे सांगितले, तर त्यांना पटेल असे मला वाटते. त्यांचीही एसजीपीटी तपासून घ्या. सहा वर्षांच्या काढ्यानंतर ती एकदा पाहायलाच हवी. आणि एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका : आकडा उतरल्यावर 'काढ्यानेच झाले होते का ते पाहू' म्हणून तो पुन्हा सुरू करणे. दुसऱ्यांदा होणारी इजा पहिलीपेक्षा लवकर आणि जोराने होऊ शकते.

प्रश्न : इसबगोलने कोलेस्टेरॉल खरोखर कमी होते का? किती घ्यावे? मला एलडीएल १३८ आहे आणि डॉक्टरांनी तीन महिने आहारावर पाहू असे म्हटले आहे. – एक वाचक, नेरुळ

उत्तर : होते, आणि या सदरात मनापासून 'घ्या' म्हणता येईल अशा मोजक्या वस्तूंपैकी ही एक आहे. इसबगोलाच्या सालीतला विद्राव्य तंतू आतड्यात पाणी धरून बुळबुळीत गर होतो आणि पित्तरसातील आम्लांना स्वतःत अडकवून बाहेर नेतो. यकृताला ती आम्ले पुन्हा तयार करावी लागतात. ती कोलेस्टेरॉलपासूनच बनतात, त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक ओढून घेते. सगळा व्यवहार आतड्यात घडतो आणि तंतू रक्तात शोषला जात नाही, म्हणून यकृतावर भार पडत नाही. रोज सुमारे १० ग्रॅम साल काही आठवडे नियमित घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरते. आपल्या बाबतीत १३८ चे १२५ ते १३० होईल. तीन महिन्यांच्या प्रयत्नाला तेवढा हातभार पुरेसा आहे, मात्र ज्याचे एलडीएल १९० आहे त्याचे एवढ्याने भागणार नाही.

चमच्यावर विसंबू नका. ही साल इतकी हलकी असते की चहाच्या एका चमच्यात दोन-अडीच ग्रॅमच मावते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा १० ग्रॅम मोजून ती वाटीत किती दिसते ते पाहून ठेवा. दोन वेळा पाच-पाच ग्रॅम, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे. पाच मिनिटे ठेवले की पेल्यात चमचा उभा राहील इतके घट्ट होते, आणि कोरडे किंवा कमी पाण्यात घेतल्यास घशात अडकू शकते. थायरॉइड, रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा. संत्र्याच्या चवीच्या तयार डब्यांत पुष्कळदा साखर असते. मागची बाजू वाचून घ्या, नाहीतर साधी साल आणा. ओट्स आणि जव यांतला बीटा-ग्लुकन हा तंतूही असेच काम करतो. दिवसाला तो ३ ग्रॅम मिळाला की उपयोग दिसतो.

प्रश्न : सांधे आणि कोलेस्टेरॉल दोन्हींसाठी म्हणून मी हळदीच्या कॅप्सूल घेतो, एकीत ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि थोडा मिऱ्याचा अर्क आहे. दिवसाला दोन. हळद तर आपण रोजच खातो, मग तिचा लिव्हरला त्रास होतो असे वाचले ते खरे कसे? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातच हिशेब आहे, तो मांडून पाहू. चांगल्या हळदपुडीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. दिवसभराच्या आमटी-भाजीत एका माणसाच्या वाट्याला अगदी हात सैल सोडून चहाचा चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळद आली असे धरले, तरी कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम होते. अशा अर्कांत ते साधारण ९५ टक्के असते. दोन कॅप्सूलमध्ये ९५० मिलिग्रॅम. येथपर्यंत दहापट झाली. आता मिरी पाहा. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसे शोषले जात नाही, आणि हळद शेकडो वर्षे निर्धोक राहिली याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे ते अडते तेथून सुटते. बंगळूरुच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण जवळजवळ वीसपट वाढते. कॅप्सूल बनवणाऱ्यांनी हा शोध जाहिरातीत वापरला, पण यकृतापर्यंत पोहोचणारी मात्राही त्याच हिशेबाने वाढते, हे मात्र छापले नाही.

अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या गटाने हळदीच्या गोळ्यांमुळे झालेल्या इजेचे दहा रुग्ण २०२२ मध्ये नोंदवले. त्यांतील सात जणांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा जनुकाचा एकच प्रकार आढळला. हिरव्या चहाच्या अर्काने यकृत दुखावलेल्यांतही हाच प्रकार पुढे येतो. त्याच वर्षी इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने हळदीच्या पूरक गोळ्यांवर इशारा छापणे बंधनकारक केले. लाखो लोक या कॅप्सूल घेतात आणि त्यांतील फार थोड्यांना असा त्रास होतो, हे खरे. पण कोलेस्टेरॉलवर मिळणारा लाभ इतका किरकोळ आहे की त्यासाठी एवढाही धोका पत्करावा असे मला वाटत नाही. सांध्यांसाठी आपल्याला खरोखर गुण येत असेल, तर डॉक्टरांना सांगून, एकदा एसजीपीटी पाहून मगच पुढचे ठरवा. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर नकोच. आमटीतली हळद आणि रात्रीचे हळद-दूध बिनधास्त चालू ठेवा.

प्रश्न : वजन आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका गोळीवर 'गार्सिनिया' असे लिहिले होते. मैत्रिणीने सांगितले की त्याने लिव्हर बिघडते, आणि गार्सिनिया म्हणजेच आपले कोकम. आता सोलकढी बंद करू का? – एक वाचक, कळवा

उत्तर : मुळीच करू नका. मैत्रिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. गोळीत असते ते गार्सिनिया कॅम्बोजिया, म्हणजे केरळात मासळीच्या कालवणात घालतात ती आंबट चिंच. कोकम हे त्याच कुळातील गार्सिनिया इंडिका. दोघांतही हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते, पण चार आमसुले भिजवून केलेली सोलकढी आणि त्या आम्लाचा घट्ट अर्क भरलेल्या कॅप्सूल यांची बरोबरी होत नाही. कॅम्बोजियाच्या अर्कामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, आणि अनेक गोळ्यांत त्याच्या जोडीला हिरव्या चहाचा अर्क असतो. हिरव्या चहातील ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गोळी टाकून द्या. कोकम सरबताबाबत माझी तक्रार एवढीच की त्यात कोकमापेक्षा साखर जास्त असते.

प्रश्न : मी अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेते. चरबी कमी व्हावी म्हणून गुग्गुळाच्या गोळ्याही सुरू केल्या आहेत. गुग्गुळ तर संशोधनाने सिद्ध झाला आहे ना? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : गुग्गुळाची गोष्ट मोठी रंजक आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ च्या प्रबंधात गुग्गुळाने चरबी उतरते असे दाखवले. त्यातून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचे औषधही घडवले. पुढे भारतातील काही लहान अभ्यासांत अनुकूल निष्कर्ष आले. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे, खऱ्या आणि खोट्या (औषध नसलेल्या) गोळ्या वाटून, काटेकोर चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल कमी होण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. त्यामुळे 'सिद्ध झाला आहे' असे आज म्हणता येत नाही.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल रक्तात कमी पोहोचते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसले होते. आपली अर्धशिशी अलीकडे पुन्हा डोके वर काढत असेल, तर कारण येथे असू शकते. गुग्गुळ वैद्यांनी दिला असेल, तर त्यांना प्रोप्रॅनोलॉलबद्दल सांगा. स्वतःच घेतला असेल, तर थांबवा. जाता जाता एक गोष्ट : डिंकासाठी चिरा पाडून पाडून गुग्गुळाचे झुडूप इतके दुर्मीळ झाले आहे की आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे.

प्रश्न : माझ्या पतींचे वय ३४. ऐरोलीला आयटी कंपनीत आहेत, रात्रपाळी असते. सोनोग्राफीत ग्रेड दोनचे फॅटी लिव्हर आले. ते दर शनिवारी मित्रांबरोबर दारू घेतात आणि सोमवारपासून 'लिव्हर टॉनिक' घेतात. त्याने भरून निघते असे त्यांचे म्हणणे आहे. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : भरून निघत नाही. टॉनिकमध्ये बहुधा सिलिमरिन, भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा यांपैकी काही असते. सिलिमरिन हे मिल्क थिसल या काटेरी झुडपाच्या बियांतून येते. जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेतही ते खोट्या गोळीहून सरस ठरले नाही. भुईआवळीबद्दल १९८८ मध्ये चेन्नईहून हिपॅटायटिस बीसाठी फार आशादायक अहवाल आला होता, पण नंतर इतरत्र तसे परिणाम मिळाले नाहीत. मला टॉनिकच्या परिणामापेक्षा त्याने मिळणाऱ्या परवानगीची चिंता जास्त वाटते. सोमवारची बाटली घरात नसती, तर शनिवारी एखाद वेळी तरी हात आखडला असता.

चरबी साठलेल्या यकृतासाठी आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे वजन. ते ७ ते १० टक्के उतरले, तर चरबीच नव्हे तर सूजही कमी होते; ८४ किलोच्या माणसाला हे सहा ते आठ किलो पडतात, आणि त्याला सहा महिने घ्यावेत. दारू पूर्ण बंद करावी. रात्रपाळीत उपाहारगृहातील वडा-समोशाऐवजी घरून डबा द्या, आणि बिनसाखरेची कॉफी त्यांना आवडत असेल तर दोन कप खुशाल घेऊ द्या. कॉफी पिणाऱ्यांचे यकृत तुलनेने सुस्थितीत असते, असे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. व्यायामशाळेत कोणी अश्वगंधा सुचवली असेल, तर तीही सध्या नको. तिच्यामुळे खाज आणि कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलंड, अमेरिका आणि भारतातूनही आल्या आहेत.

यकृताला औषधाने होणाऱ्या इजेची देशपातळीवरील एक नोंद १,२८८ रुग्णांची आहे. त्यात सर्वाधिक वाटा क्षयाच्या औषधांचा, पण जवळपास १४ टक्के रुग्ण पर्यायी आणि वनौषधींमुळे आजारी पडलेले होते. पतींना आकडे पटत असतील, तर हा दाखवा.

प्रश्न : लसूण, दालचिनी, मासळीचे तेल यांच्या गोळ्यांनी एलडीएल उतरते का? – दोन वाचक, वाशी आणि घोडबंदर रस्ता

उत्तर : मोजण्याजोगे नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत १९० जणांवर २८ दिवस झालेल्या चाचणीत मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींचे स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ या सहांची रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमशी तुलना केली गेली. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले; सहांपैकी एकही खोट्या गोळीच्या पुढे गेले नाही. त्या चाचणीचा खर्च रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता आणि काळही थोडा होता, हे ध्यानात ठेवावे. वनस्पतींचे स्टेरॉल दिवसाला २ ग्रॅम घेतल्यास एलडीएल आठ-दहा टक्के उतरते, हे इतर अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. लसणाबद्दल मात्र २००७ मध्ये १९२ जणांवर सहा महिने झालेल्या वेगळ्या चाचणीचाही निष्कर्ष 'उपयोग नाही' असाच होता, आणि त्यात गोळ्यांबरोबर कच्चा लसूणही होता. फोडणीत घाला, चवीसाठी.

प्रश्न : सकाळी तलावाकाठी फिरायला गेल्यावर आम्ही चौघे दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पितो. हृदयासाठी चांगला म्हणतात. परवा एकाला उलट्या झाल्या. – एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर : तो रस आधी बंद करा. दुधी कधी कधी कडू निघतो आणि त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. त्याने रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने सांगितले की रस काढण्यापूर्वी दुधीची छोटी फोड चाखावी, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, आणि दुधीचा रस इतर कोणत्याही रसात मिसळू नये. कारले घातले की दुधीचा कडवटपणा ओळखण्याचा एकमेव मार्ग बंद होतो, आणि गाडीवर आपल्यासमोर कोणी फोड चाखून पाहत नाही. दुधीची भाजी किंवा थालीपीठ करा, फोड चाखून. पुन्हा कोणाला रस प्यायल्यावर मळमळ, पोटात मुरडा किंवा उलटी झाली, तर लिंबूपाणी देत बसू नका. लगेच रुग्णालयात न्या, काय प्यायला होता हे दारातच सांगा आणि पेल्यात रस उरला असेल तर तो बाटलीत भरून बरोबर घ्या.